उपाशी जीभ

पाला खुडायच्या ऐन दिवसांत सलग तीन दिवस पाऊस लागला आणि अकरा घरांच्या तोंडचं पाणी पळालं. आला तोही असा चोरपावलांनी की माचांवर वाळत घातलेला पाला झाकायला सुद्धा कुणाला सवड मिळाली नाही. नंतर मग सगळे आकाशाकडे बघून बोटं मोडत बसले. आकाशाला त्याचं काय?

पाला गुडमारच्या वेलीचा. ज्यांनी तो कधी चावला नाही त्यांना सांगून पटायचं नाही, पण याची दोन पानं नीट चघळली आणि मग चिमूटभर साखर जिभेवर टाकली, तर साखर गोड लागत नाही. नुसती वाळू. मीठ खारट लागतं, मिरची झोंबते, गोड तेवढं मरतं. मग हळूहळू जीभ ताळ्यावर येते आणि गोड परत कळायला लागतं. पाला चांगला असेल तर अर्धा तास, कसदार असेल तर त्याहून जास्त. पावसानं धुतलेला असेल तर दहा मिनिटांत खेळ खलास. याच पाल्याची पूड कंपनी साखरेच्या आजाराच्या औषधात घालते. कंपनीकडे तपासायची यंत्रं आहेत म्हणतात, पण ती दोन दिवसांच्या वाटेवर. इथून ट्रक भरायचा की नाही, हे इथंच ठरायचं, आणि ते ठरायचं एका माणसाच्या जिभेवर.

त्या माणसाला सगळे चाखेबाबा म्हणत. तीस वर्षं तो पाला चाखत होता. त्यानं पास केलेलं पोतं कंपनीतून कधी परत आलं नव्हतं. अकरा घरांचा हंगाम त्याच्या शब्दावर विकला जाई. चाखेबाबा मोठा मानी माणूस. एरवी बोलायला गोड, पण कामाच्या बाबतीत सख्ख्या मुलालाही सूट नाही.

पाऊस थांबल्यावर चौथ्या दिवशी त्याची थोरली सून माचावरचा पाला उलटत होती. पाला उन्हात टाकायचा नसतो, सावलीत वाऱ्यावर वाळवायचा, दर दोन तासांनी हातानं खालवर करायचा. दंताळं लावलं तर पानं मोडतात. थोरलीची बोटं हिरवी-काळी झाली होती, कंबर धरली होती, आणि नाकात तो कडवट दमट वास बसला होता. पान हाताला लागत होतं ते तिला आवडत नव्हतं. वाळलेलं होतं, पण पोकळ. तिनं इकडंतिकडं बघितलं, दोन पानं तोंडात टाकली, चघळून चोथा थुंकला आणि पदराच्या गाठीतली साखर थोडी थोडी जिभेवर ठेवत कामाला लागली. मनात आकडे मोजत होती. बाराव्या मिनिटाला गोड लागलं.

हा पाला त्यांच्या स्वतःच्या घरचा होता.

सासरे ओट्यावर बसून पोत्याचं तोंड शिवत होते. ती जवळ गेली. "मामंजी, आपल्या पाल्यात दम नाही. बारा मिनिटांत आली."

"काय आली?"

"चव."

सुतळीचा दोरा दातानं तोडून त्यांनी सुई बाजूला ठेवली. "तुला कुणी चाखायला सांगितलं?"

"सहज घेतली दोन पानं."

"सहज घ्यायची गोष्ट नाही ती, सूनबाई. रिकाम्या पोटी घ्यावी लागते. तू सकाळी जेवलीस, वर दोनदा चहा ढोसलास, आणि मला मिनिटं सांगतेस. उद्या जे काय असेल ते माझी जीभ सांगेल." मग सुई पुन्हा उचलत, तिच्याकडे न बघता म्हणाले, "नापास असेल तर नापास. आपलं म्हणून काय त्याला शिंगं फुटली?"

थोरलीला खरी काळजी पाल्याची नव्हतीच. पाला गेला तर एक हंगाम जाईल. तिला काळजी होती ती चाखण्याच्या दिवशीच्या उपासाची.

चाखेबाबाला साखर होती. दीड वर्षापासून. घरात हे फक्त थोरलीला ठाऊक होतं, आणि तेही त्यानं सांगितलं म्हणून नव्हे, त्याच्या सदऱ्याच्या खिशात गोळ्यांची पाकिटं सापडली म्हणून. जवळच्या दवाखान्यात ओळखीचे भेटतील म्हणून हा माणूस दोन गावं ओलांडून पलीकडच्या दवाखान्यात जायचा. पहिल्यांदा पकडला गेला तेव्हा शरमेनं त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. "ज्याच्या पाल्यावर जगाची साखर उतरते म्हणतात, त्याच्याच अंगात साखर," तो म्हणाला होता. "कंपनी म्हणेल, याची जीभ कशाला धरायची? आणि लोक हसतील ते वेगळंच. तुझ्या नवऱ्याला तर मुळीच कळू द्यायचं नाही. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही."

तेव्हापासून थोरली त्याच्यासोबत दवाखान्यात जाऊ लागली. माहेरी चालले असं सांगून. तिथल्या नर्सबाईनं मागच्याच महिन्यात गोळी बदलून दिली होती आणि बजावलं होतं, "ही गोळी घेतली की अर्ध्या तासात जेवायचं. उपाशी राहायचं नाही. दरदरून घाम, थरथर, भलतंच बोलणं, असं काही दिसलं की लगेच साखर खाऊ घाला, तीन-चार चमचे, पाण्यातून द्या नाहीतर कोरडी द्या. पण माणूस बेशुद्ध असला तर तोंडात काही घालू नका, सरळ इकडे आणा. आणि आजोबा, दुसरं कुठलं झाडपाल्याचं औषध घेता का?"

"नाही," चाखेबाबानं ठोकून दिलं होतं.

थोरली खाली मान घालून उभी होती. तिला ठाऊक होतं. पाला चाखून झाला की चोथा थुंकायचा आणि रसही थुंकायचा, अशी रीत. म्हातारा चोथा थुंकायचा आणि रस गिळायचा. एरवीही रोज सकाळी मूठभर पानं चघळायची. आपलाच पाला आपल्याला कामाला येईना, हे त्याच्या मनाला कुठंतरी लागलं होतं. गोळीबरोबर पाला चालवून तो त्या आजाराला दोन्हीकडून कोंडीत पकडायला निघाला होता. नर्सबाईला हे सांगावं म्हणून थोरलीनं दोनदा तोंड उघडलं होतं, आणि दोन्ही वेळा सासऱ्यानं तिच्याकडे असं बघितलं की तिनं ते मिटून घेतलं. ते आठवलं की तिचा तिलाच राग यायचा.

चाखायच्या दिवशी ती पहाटे उठली ती चुलीकडे न जाता सरळ ओट्यावर. मामंजी तोंड धुऊन बसले होते, अंगात धुतलेला सदरा.

"मामंजी, आज गोळी घेऊ नका."

"घेतली."

"मग दोन घास खाऊन घ्या. आत्ताच खा. चूळ भरली की झालं."

"चाखायच्या दिवशी खातात?" तिनं काही घाण बोलल्यासारखं त्यांनी विचारलं. "अन्न तोंडात गेलं की जीभ आळसावते. तीस वर्षं उपाशी बसतोय, आजच काय झालं?"

"तीस वर्षं ही गोळी नव्हती."

"हळू बोल." आत मुलगा घोरत होता. "दुपारपर्यंतचा तर प्रश्न आहे. पाला घेणारच आहे ना, तो आधार आहेच."

पाल्यानं आधार व्हायचा की आणखी खड्ड्यात जायचं, हे थोरलीला सांगता आलं नसतं. ती काही नर्स नव्हती. पण उपाशी माणसाच्या अंगात आधीच गोळी उतरलेली, त्यावर दिवसभर पाल्याचा रस, हा हिशोब तिला कुठूनही बरा वाटेना. तिनं साखरेचा डबा काठोकाठ भरला. एरवी वाटीभर पुरायची. आणि स्वतःही काही खाल्लं नाही. सासरा उपाशी असताना तिच्या घशाखाली घास उतरला नसता.

तोलाईच्या शेडमध्ये अकरा घरांचं एकेक पोतं ओळीनं मांडलं होतं. एका टोकाला टेबल, टेबलाशी कंपनीचा माणूस. त्याला सगळे घड्याळवाले म्हणत, कारण तो मनगटावरचं घड्याळ काढून वहीशेजारी ठेवायचा आणि दर पाच मिनिटांनी आकडा पुकारायचा. माणूस वाईट नव्हता, नुसता कोरडा होता. "ट्रक संध्याकाळी निघतो," आल्या आल्या त्यानं सांगून टाकलं. "पावसाचं रडगाणं मला सांगू नका. वीस मिनिटांच्या खाली असेल तर पोतं घेणार नाही."

काम असं चालायचं: चाखेबाबा पोत्याच्या मध्यातून दोन पानं काढायचा, चघळायचा, थुंकायचा, आणि स्टुलावर डोळे मिटून बसायचा. घड्याळवाले "पाच" म्हणाले की म्हातारा तोंड उघडायचा, थोरली जिभेवर चिमूटभर साखर ठेवायची आणि विचारायची, "आली?" तो म्हणायचा, "नाही." मग दहा. मग पंधरा. ज्या आकड्याला तो "आली" म्हणेल तो आकडा वहीत. मग कोमट पाण्याच्या चुळा, आणि पुढचं पोतं. थोरलीचा नवरा पोती पुढंमागं करत होता आणि प्रत्येक घरच्या माणसांशी थट्टामस्करी चालू होती. बाकी शेडमध्ये सगळे जीव मुठीत धरून बसलेले.

पहिलं पोतं पंचवीस. दुसरं वीस, काठावर पास. तिसरं पंधरा, म्हणजे बाद. ते लोकांच्या वेली कातरून देणाऱ्या विधवेचं होतं. ती पोत्यावर हात ठेवून तशीच बसली. चौथं, पाचवं. प्रत्येक वेळी थोरली सासऱ्याच्या गळ्याकडे बघायची. चोथा वाटीत पडायचा आणि गळ्याचा मणी खालीवर व्हायचा. गिळला. पुन्हा गिळला.

सहाव्या पोत्याला त्याच्या कपाळावर घाम दिसला. शेडमध्ये उकडत होतंच, सगळ्यांनाच घाम होता. पण हा घाम वेगळा होता. वरच्या ओठावर, मानेवर, थंड. तिनं साखर ठेवताना त्याच्या गालाला बोट लावलं. गाल गार होता.

"मामंजी, बरं वाटतंय ना?"

"नाही."

"काय नाही?"

"आली नाही."

ती टेबलाकडे वळली. "जरा थांबू या का? दुपार झाली. सगळेच उपाशी आहेत."

"पाच पोती राहिली आहेत ताई," घड्याळवाले म्हणाले. "आत्ता थांबलो तर ट्रक रिकामा जाईल."

"चल गं, कशाला मधे बोलतेस," नवरा म्हणाला. "बाबांना काही झालेलं नाही. बाबा दगड आहेत दगड."

सातवं पोतं त्यांचं होतं. चाखेबाबानं पानं काढली तेव्हा त्याची बोटं थरथरत होती. दोन पानं घ्यायची तर हातात पाच आली, ती सगळीच त्यानं तोंडात कोंबली. चोथा वाटीत पडायच्या ऐवजी सदऱ्यावर पडला. शेडमधलं कुणीतरी हसलं. "पाच," घड्याळवाले म्हणाले. म्हाताऱ्यानं तोंड उघडलं नाही. तो उठला आणि भिंतीकडे तोंड करून चालू लागला.

"कुठं निघालात?"

"वर. वेलींवर. पाऊस येतोय, ती एकटीच आहे वर." ती म्हणजे त्याची बायको. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

थोरलीनं त्याला दंडाला धरून स्टुलावर बसवलं, डब्यातून चमचाभर साखर काढली आणि त्याच्या तोंडात घातली. त्यानं ती फूं करून थुंकून टाकली, तिच्या तोंडावर.

"वाळू घालतेस?"

"साखर आहे मामंजी."

"साखर अशी असते? मला फसवतेस?" त्यानं तिचा हात झटकला. दात घट्ट मिटले. डोळे तिच्यावर होते, पण तिला ओळखत नव्हते. तिनं दुसरा चमचा ओठांना लावला तर त्यानं मान फिरवली. तिसरा जमिनीवर सांडला. साखर कशी असते हे या गावात त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं, आणि आज पाल्यानं मेलेल्या जिभेला ती वाळूच लागणार होती. याला आता साखर खा म्हणून कसं पटवायचं? तो पडेल. मग नर्सबाई म्हणाली तसं, तोंडात काही घालायचं नाही. जवळचा दवाखाना सुद्धा तासाभराच्या वाटेवर.

"उन्हानं झालंय," नवरा म्हणाला. "पाणी मारा तोंडावर."

तेवढ्यात तिला सुचलं. ती सासऱ्याच्या समोर, टेबलाकडे पाठ करून उभी राहिली. "घड्याळवाले, आकडा पुकारा."

"अजून दहा व्हायचे आहेत."

"पुकारा म्हणते ना."

तिचा आवाज ऐकून तो माणूस दचकला. "दहा," तो म्हणाला.

चाखेबाबानं डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

तिनं चिमटीऐवजी शिगोशीग चमचा जिभेवर रिकामा केला. "आली?"

त्याचा जबडा हलला. साखर कुरकुरली. गळ्याचा मणी खालीवर झाला. "नाही."

"दहाच म्हणा पुन्हा," ती म्हणाली. कुणाला काही कळत नव्हतं, पण तिच्या पाठीकडे बघून कुणी प्रश्न विचारला नाही. घड्याळवाल्यांनी पुन्हा आकडा म्हटला. तोंड उघडलं. चमचा. "आली?" "नाही." पुन्हा. तीस वर्षं जे अंगात मुरलं होतं ते डोकं ठिकाणावर नसतानाही चालू होतं. चार चमचे गेले. पाचव्याला तिनं चुळांसाठी ठेवलेलं कोमट पाणी ओठांना लावलं, तेही गेलं. मग पंधरा, वीस, पंचवीस, खरे आकडे आता आपल्या वेळेवर येत होते, आणि मधे मधे ती नुसतंच हळू आवाजात "आली?" म्हणायची आणि एक चमचा सरकवायची. तो प्रत्येक वेळी "नाही" म्हणायचा. तिचा हात त्याच्या मानेवर होता. मान गार होती. मग कमी गार. मग घाम सुकायला लागला.

"चाळीस," घड्याळवाले म्हणाले.

म्हाताऱ्यानं जिभेवरची साखर घोळवली, आणि डोळे उघडले. "आली," तो म्हणाला. अगदी साध्या आवाजात. "हे काय, तुझ्या तोंडाला साखर कशी लागली?"

थोरली तिथंच खाली बसली.

मागं शेडमध्ये एकच गलका झाला. "चाळीस!" नवरा ओरडला. "बघितलंत? आमचं पोतं!" घड्याळवाले सुद्धा हसले. "या हंगामातला सगळ्यात कसदार पाला," ते लिहिता लिहिता म्हणाले. "तुमचं घर या वेळी पहिलं. कंपनीला कळवतो. या पाल्याला वेगळा भाव लागेल."

चाखेबाबा स्टुलावर बसून होता. त्यानं आधी सदऱ्यावरचा चोथा बघितला, मग जमिनीवर सांडलेली साखर, मग अर्ध्यावर आलेला डबा. मग सुनेकडे बघितलं. त्या पोत्यातला पाला चाळीस मिनिटांचा नाही, बारा मिनिटांचा आहे, हे त्या शेडमध्ये दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि ती दोघं एकमेकांकडे बघत होती. तिनं तोंड मिटून ठेवलं की ऊन लागलं म्हणून सगळं खपणार होतं. तिनं ते मिटूनच ठेवलं होतं. आज म्हातारा हाताशी राहिला, एवढ्यावर ती खूश होती.

"घड्याळवाले," चाखेबाबा म्हणाला. "तो आकडा खोडा."

"का?"

"मी शुद्धीवर नव्हतो."

"चक्कर आली असेल. होतं उन्हानं."

"ऊन नाही." म्हाताऱ्यानं ओठ पुसले. कातरवाली विधवा सुद्धा मान वर करून बघत होती. "मला साखर आहे. दीड वर्ष झालं. सकाळी गोळी घेतली, खाल्लं काही नाही, वर रस गिळला. ही नसती तर आज तुम्ही मला उचलून नेलं असतंत. मी जे नाही नाही म्हणालो ते मी म्हणालो नाही. खोडा."

"बाबा?" मुलगा म्हणाला.

घड्याळवाल्यांनी पेन खाली ठेवलं. "दीड वर्ष? म्हणजे गेल्या हंगामातली पोती सुद्धा..."

"एक तरी परत आलं का?"

घड्याळवाल्यांनी वहीची मागची पानं उलटली, पुन्हा पुढची काढली. "परत आलं नाही," ते म्हणाले, "पण कंपनीला मी काय सांगू? आजारी माणसाच्या जिभेवर ट्रक भरला असं सांगू?"

"नका भरू माझ्या जिभेवर." चाखेबाबा स्टुलाला धरून उठला. पाय लटपटत होते, पण थोरलीनं पुढं केलेला हात त्यानं या वेळी झटकला नाही. तो दोन पावलं चालून भिंतीशी ठेवलेल्या रिकाम्या पोत्यांवर बसला. "घरून माझं ताट आणा," तो मुलाला म्हणाला. "इथंच आणा."

चाखणारा चाखणं संपायच्या आधी शेडमध्ये जेवायला बसला, असं तिथं कधी झालं नव्हतं. त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. मुलगा धावत गेला आणि ताट घेऊन आला. म्हातारा सगळ्यांसमोर, मान खाली घालून, लहान लहान घास घेत जेवू लागला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. थोरलीला ते बघवेना. आपल्या हातून वाचलेला माणूस आपल्यासमोरच लहान होत चाललाय असं तिला वाटलं. ती त्याच्या शेजारी जाऊन पोत्यावर टेकली. सकाळपासूनचा उपास आता पोटात कुरतडत होता. ताटात दोघांपुरतं होतं. तिनं हात पुढं केला.

चाखेबाबानं ताट दुसऱ्या बाजूला सरकवलं.

"तू जेवायचं नाहीस," तो म्हणाला. घास गिळला आणि टेबलाकडे बघून, घड्याळवाल्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात पुढं म्हणाला, "तुला पाच पोती चाखायची आहेत. सातव्यापासून सुरुवात कर."